दिवे पालकांच्या पैशांचे, पण मैदान शाळेचं

प्रश्न : आम्ही मध्य न्यू जर्सीत राहतो. मुलगी दहावीत आहे, शाळेच्या सॉफ्टबॉल टीमची कॅचर. मुलांचा बेसबॉल शाळेच्या आवारात होतो. तिथे फ्लडलाइट, इलेक्ट्रॉनिक स्कोअरबोर्ड, छप्पर असलेलं डगआउट, बॅटिंग केज, सगळं आहे. मुलींना दोन मैलांवरच्या टाउनशिपच्या पार्कात पाठवतात. तिथलं टॉयलेट बहुतेक वेळा कुलूपबंद असतं, म्हणून सामन्याच्या दिवशी मुली दुपारपासून पाणीच पीत नाहीत. अ‍ॅथलेटिक डायरेक्टर म्हणतात, मुलांच्या मैदानाचा खर्च त्यांच्या पालकांच्या बूस्टर क्लबने, म्हणजे टीमसाठी देणग्या जमवणाऱ्या मंडळाने केलाय, शाळेचा त्यात एक डॉलर नाही, तुम्हीही क्लब काढा. आणि फारच ताणलंत तर मुलांचे दिवे काढू, मग गावाला काय ते तुम्हीच सांगा. नवऱ्याचं म्हणणं, आपण एच-१बीवर, ग्रीन कार्ड लटकलेलं, त्यात मुलीची टीममधली जागा जायची, गप्प बसावं. शेवटचा सामना २८ मे रोजी झाला. कायद्यात आमच्यासाठी काही आहे का?

उत्तर : आहे. आणि डायरेक्टरसाहेबांना वाटतंय त्यापेक्षा बरंच आहे.

आधी बूस्टर क्लबचं बघू, कारण शाळेची सगळी भिस्त त्याच्यावर दिसते. दिवे कुणाच्या पैशांनी लागले याला कायद्याच्या लेखी फार किंमत नाही. ते लागले शाळेच्या जमिनीवर, शाळेच्या परवानगीने, आणि त्यांच्या उजेडात खेळते ती शाळेची टीम. देणगी घेतली की त्यातून पडलेला फरक भरून काढायची जबाबदारीही शाळेने घेतली. फ्लोरिडातल्या ब्रेव्हार्ड काउंटीचा १९९७ चा खटला तुमच्या पत्रासारखाच आहे. मेरिट आयलंडच्या हायस्कूलमध्ये सॉफ्टबॉल खेळणाऱ्या दोन बहिणी कोर्टात गेल्या. मुलांकडे दिवे, स्कोअरबोर्ड, बॅटिंग केज. मुलींकडे यातलं काही नाही. तिथल्या शिक्षण बोर्डाने हेच सांगितलं की पैसा बूस्टर क्लबचा. कोर्टाने ते मानलं नाही.

त्यापुढचा भाग डायरेक्टरांना मुद्दाम वाचून दाखवा. फरक मिटवा असा आदेश आल्यावर बोर्डाने योजना आणली ती मुलींना काही देण्याची नव्हती, मुलांच्या सोयी वापरायच्या बंद करण्याची होती. न्यायाधीशांनी तिला सरळ नापसंती दाखवली. अशाने मुलींचं काही सुधारत नाही, शिक्षा मात्र दोघांनाही होते, आणि हा उपाय कमी व सूड जास्त दिसतो, असा त्यांच्या मताचा सूर होता. तेव्हा ‘दिवे काढू’ ही धमकी पुन्हा मिळाली तर त्याच संध्याकाळी ईमेल करा : ‘आज आपण मला असं असं म्हणालात, माझी काही ऐकण्यात चूक झाली असेल तर कळवावं.’ एवढंच. या ईमेलला सहसा उत्तर येत नाही आणि तेच आपल्या उपयोगी पडतं.

ज्या कायद्यावर हे सगळं उभं आहे त्या टायटल नाइनवर राष्ट्राध्यक्ष निक्सन यांची सही झाली २३ जून १९७२ रोजी. मूळ वाक्य इंग्रजीत अवघं ३७ शब्दांचं. केंद्राचा पैसा घेणाऱ्या शिक्षणाच्या कुठल्याही कार्यक्रमात, लिंगाच्या कारणावरून, कुणालाही वगळायचं नाही, लाभ नाकारायचा नाही, भेदभाव करायचा नाही. गंमत म्हणजे यात ‘खेळ’ हा शब्दच नाही. हा कायदा पुढे रेटणाऱ्या पॅट्सी मिंक, ईडिथ ग्रीन आणि सेनेटर बर्च बाय यांचा रोख होता तो कॉलेजांतले प्रवेश आणि प्राध्यापिकांच्या नोकऱ्या यांच्यावर. खेळवाले जागे झाले ते नंतर. १९७४ मध्ये सेनेटर जॉन टॉवर यांनी कमाई करून देणारे खेळ कायद्याबाहेर ठेवायचा प्रयत्न केला, तो फसला. १९७५ च्या नियमांत खेळ स्पष्ट शब्दांत आले आणि हायस्कूलांना जुलै १९७८ पर्यंत मुदत मिळाली. १९७१-७२ मध्ये देशभरात हायस्कूलच्या टीमांत तीन लाखांहूनही कमी मुली होत्या, मुलगे छत्तीस लाखांच्या वर. आज मुली चौतीस लाखांच्या आसपास आहेत. तुमची लेक त्यातली एक, म्हणजे टीममध्ये घेण्याची लढाई तिच्या आधीच्या बायकांनी तिच्यासाठी लढून ठेवलीय. तुमची आहे ती टीममध्ये घेतल्यानंतरची : मैदान, वेळापत्रक, साहित्य, प्रवास, कोच, लॉकर रूम, प्रसिद्धी. नियमांत आणि १९७९ च्या सरकारी खुलाशात ही यादी दिलेली आहे.

मात्र एक खाचखळगा आहे. कायदा नुसता सॉफ्टबॉल आणि बेसबॉल समोरासमोर ठेवत नाही, मुलींचा अख्खा क्रीडा कार्यक्रम मुलांच्या अख्ख्या कार्यक्रमाशी ताडून बघतो. शाळा म्हणेल, मुलींच्या व्हॉलीबॉलला आम्ही अमुक दिलं, तमुक दिलं. असं काही खरंच असेल तर ते आधी तुम्हाला माहीत हवं. मुलांना कमी आणि मुलींना जास्त अशी भरपाई दुसरीकडे कुठे होत नसेल, तर मैदानाचा एवढा मोठा फरक एकटाही पुरतो. तेव्हा तक्रार लिहिताना फक्त आपल्या मुलीचं लिहू नका. इतर टीमांच्या दोन-चार आयांना चहाला बोलवा, त्यांच्याकडून ऐका, टिपून घ्या.

मुलीची जागा जाईल, ही भीती खोटी नाही. पण जागा काढणं हाच वेगळा गुन्हा धरला जातो असं समजा. अलाबामात बर्मिंगहॅमच्या हायस्कूलमधले मुलींचे बास्केटबॉल कोच रॉडरिक जॅक्सन यांनी आपल्या टीमला सोयी मिळत नाहीत म्हणून तक्रार केली आणि त्यांचं कोचपद गेलं. २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं, तक्रार केली म्हणून सूड घेणं हाही टायटल नाइनखाली भेदभावच. मुलीचे या मोसमातले आकडे, कोचचे कौतुकाचे मेसेज आजच जपून ठेवा. पुढच्या वर्षी ती अचानक बाकावर गेली तर तेच बोलतील.

आता यजमानांची काळजी. कायद्यातलं ते वाक्य ‘अमेरिकेतील कुणाही व्यक्तीला’ असं सुरू होतं. नागरिक म्हणत नाही, व्यक्ती म्हणतं. शाळेविरुद्ध नागरी हक्कांची तक्रार करणं हे ग्रीन कार्ड नाकारायचं कारण इमिग्रेशनच्या कायद्यात कुठेही नाही. माझ्याकडे येणाऱ्या आपल्या मंडळींत ही भीती इतकी मुरलेली असते की पार्किंगच्या दंडावर हरकत घ्यायलाही लोक कचरतात. यजमानांना हा परिच्छेद दोनदा वाचायला द्या.

तक्रार कुठे करायची? केंद्राच्या शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयात करता येते, फी नाही, वकीलही लागत नाही. पण मार्च २०२५ मध्ये त्यांच्या बारापैकी सात प्रादेशिक कचेऱ्या बंद करण्यात आल्या, न्यूयॉर्कचीही त्यात आली. त्या रांगेत उभं राहायला मी तुम्हाला सांगणार नाही. न्यू जर्सीचा स्वतःचा भेदभावविरोधी कायदा आहे आणि खेळातल्या मुलींच्या बाबतीत त्याचा इतिहास जुना आहे. १९७२ मध्ये होबोकनच्या मारिया पेपे या मुलीला लिटल लीगमधून, म्हणजे लहान मुलांच्या बेसबॉल संघटनेतून, तीन सामन्यांनंतर काढलं, ते प्रकरण राज्याच्या नागरी हक्क विभागाकडेच गेलं आणि मुलींच्या बाजूने लागलं. १९७४ मध्ये लिटल लीगने देशभरासाठी नियम बदलला. तुम्ही याच विभागात जा. दोन्हीकडे एकदम अर्ज टाकू नका. एकीकडे प्रकरण चालू असलं की दुसरीकडचे हात झटकू शकतात.

मुदत १८० दिवसांची. २८ मे पासून मोजलं तर २४ नोव्हेंबर. शाळेत बोलणी चालू आहेत म्हणून हे घड्याळ थांबलं असं समजू नका. राज्याच्या कायद्याखाली थेट कोर्टात जायला दोन वर्षं मिळतात, पण मैदान हवं असेल तर दोन वर्षांनी मुलगी कॉलेजात असेल. मोठ्या रकमेची आशाही धरू नका; २०२२ च्या एका निकालानंतर मनस्तापाची भरपाई केंद्राच्या अशा कायद्यांखाली जवळपास मिळेनाशी झालीय. आपल्याला हवाय तो आदेश.

या आठवड्यात दोन कामं करा. शाळेच्या टायटल नाइन कोऑर्डिनेटरला लेखी तक्रार द्या. त्यांचा संपर्क वेबसाइटवर असायलाच हवा, नसेल तर तेही तक्रारीत लिहा. आणि ओप्रा कायद्याखाली, म्हणजे इथला माहितीचा अधिकारच, जिल्हा शिक्षण बोर्डाकडे कागद मागा : दोन्ही टीमांच्या कोचचा पगार, बसचा खर्च, पार्क वापरायचा टाउनशिपशी झालेला करार. आणि मुख्य म्हणजे, बूस्टर क्लबचे दिवे स्वीकारताना बोर्डाने केलेला ठराव. सात कामकाजाच्या दिवसांत उत्तर यायला हवं. शाळेचा एक डॉलर नाही म्हणणाऱ्यांच्या सह्या त्या ठरावाखाली असतील. विजेचं बिल कोण भरतं, तेही त्याच अर्जात विचारून घ्या.

पार्कातल्या टॉयलेटच्या कुलपाचा फोटो मात्र आजच काढून ठेवा, तारखेसकट. तक्रार पोचली की ते कुलूप पहिलं निघेल.