जुन्या संगणकात रॅम वाढवली, तर संगीताचे जड सॉफ्टवेअर नीट चालेल का?

तुम्ही लिहिल्याप्रमाणे डेस्कटॉप आठ वर्षांचा आहे, त्यात ८ जीबी रॅम आणि साधी हार्ड डिस्क आहे. कॉन्टॅक्टमध्ये, म्हणजे ध्वनिमुद्रित वाद्ये वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, पियानो, व्हायोलिनचा ताफा आणि तालवाद्ये एकत्र घेतली, की प्रोजेक्ट उघडायला कित्येक मिनिटे लागतात आणि वाजवताना आवाज मध्येच तुटतो. ही एक तक्रार नसून दोन आहेत. रॅम अपुरी पडत असेल, तर ती वाढवल्याने दोन्हींत फरक पडेल; पण पहिलीचे कारण हार्ड डिस्क आणि दुसरीचे प्रोसेसरही असू शकते. म्हणून पैसे घालवण्यापूर्वी दोन्ही वेगळ्या करून पाहाव्यात.

सॅम्पलवर, म्हणजे खऱ्या वाद्यांच्या ध्वनिमुद्रित सुरांवर, चालणारी वाद्ये इतकी जागा का खातात, ते आधी पाहू. ४४.१ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ अशा ध्वनिमुद्रणाला सेकंदाला सुमारे २६५ केबी लागतात. पियानोचा एक स्वर २० सेकंद घुमत राहिला, तर त्या एका स्वराचेच ५ एमबीहून अधिक होतात. ८८ पट्ट्या आणि प्रत्येकीच्या हलक्या-जोरकस आघाताचे १० स्तर धरले, तर ८८० सॅम्पल, म्हणजे साधारण ४.६ जीबी. हे सगळे रॅममध्ये भरणे परवडत नाही, म्हणून कॉन्टॅक्टसारखे सॅम्पलर प्रत्येक सॅम्पलचा सुरुवातीचा छोटा तुकडा तेवढा रॅममध्ये ठेवतात आणि पट्टी दाबल्यावर उरलेला भाग डिस्कवरून ओढत राहतात. हा तुकडा कॉन्टॅक्टमध्ये मुळात ६० केबींचा असतो. त्या हिशेबाने वरचा पियानो ५३ एमबींत मावतो.

मग ८ जीबी भरतात कशाने? व्हायोलिनच्या ताफ्याचे उदाहरण घ्या. १० वादनप्रकार, २० स्वर, आघाताचे ४ स्तर, तोच स्वर पुन्हा आल्यावर यांत्रिक वाटू नये म्हणून ४ आवृत्त्या आणि जवळचा, मधला व दूरचा असे ३ मायक्रोफोन. गुणाकार केला की ९,६०० सॅम्पल आणि सुमारे ५७५ एमबी होतात, तेही एकाच ताफ्याचे. यातले दोन मायक्रोफोन बंद करून त्यांचे सॅम्पल मेमरीतून काढून टाकले, तर हाच आकडा १९० एमबींवर येतो. कॉन्टॅक्टमधला पर्ज हा पर्याय तर न वाजलेले सगळेच सॅम्पल काढून टाकू शकतो. फुकटात होणारी ही कामे आधी करावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. निम्मी अडचण बहुतेक वेळा इथेच मिटते.

त्यानंतर विंडोजचा टास्क मॅनेजर उघडा ठेवून प्रोजेक्ट वाजवून पाहा. मेमरी ९० टक्क्यांच्या वर आणि डिस्क सतत शंभरावर असेल, तर रॅम अपुरी पडून संगणक डिस्कलाच रॅमसारखे राबवतो आहे, असे समजावे. मेमरीत मोकळी जागा असूनही आवाज तुटत असेल, तर ऑडिओचा बफर, म्हणजे संगणक आवाजाचा जो तुकडा आधी तयार करून मग वाजवतो तो, १२८ वरून १०२४ सॅम्पलवर न्या (इथे सॅम्पल म्हणजे सेकंदाच्या ४४,१०० ध्वनिमापांपैकी एक). पट्टी दाबल्यापासून आवाज येईपर्यंतचा उशीर जाणवेल, कारण एका बफरचा काळ सुमारे ३ मिलिसेकंदांवरून २३ वर जातो. पण त्याने तुटणे थांबले, तर दोष प्रोसेसरच्या ताकदीचा आहे. तिथे ६४ जीबी रॅम बसवूनही फरक पडणार नाही. मोठा बफर ठेवणे किंवा ट्रॅक फ्रीझ करणे, म्हणजे त्याचा आवाज आधीच फाइलमध्ये उतरवून ठेवणे, हाच उपाय उरतो.

रॅमच घ्यायची ठरली, तर मदरबोर्डच्या माहितीपत्रकात कमाल मर्यादा आणि प्रकार पाहावा. डीडीआर३ आणि डीडीआर४ या रॅमच्या दोन पिढ्यांची खाच वेगळ्या जागी असते, एक दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये बसतच नाही. रॅमच्या एकसारख्या दोन पट्ट्यांची जोडी घ्यावी, म्हणजे प्रोसेसर आणि रॅम यांच्यातले दोन्ही मार्ग (चॅनेल) वापरले जातात. तुमच्या कामाला ८-८ जीबींच्या दोन पुरेशा वाटतात. पूर्ण वाद्यवृंद बांधणार असाल आणि बोर्ड मान्य करत असेल, तरच ३२ चा विचार करा. विंडोज ६४ बिटचे आहे ना, तेही तपासा. ३२ बिटच्या साध्या आवृत्तीला ४ जीबींपलीकडची रॅम वापरताच येत नाही. मी एकदा स्वस्त मिळाली म्हणून सर्व्हरसाठीची रजिस्टर्ड रॅम उचलून आणली होती. ती स्लॉटमध्ये अगदी व्यवस्थित बसली, पण साध्या मदरबोर्डला ती चालत नाही, त्यामुळे पडदा शेवटपर्यंत काळाच राहिला.

हातात थोडेच पैसे असतील, तर मी सॅम्पल ठेवण्यासाठी आधी एसएसडी, म्हणजे फिरत्या चकत्या नसलेली वेगवान डिस्क, घेईन. साधी हार्ड डिस्क हजारो विखुरलेले तुकडे शोधताना दमते, म्हणून प्रोजेक्ट उघडायला इतका वेळ लागतो. शिवाय डिस्क चपळ असली, की तो ६० केबींचा तुकडा आणखी लहान करता येतो, म्हणजे एसएसडीमुळे आहे तीच रॅमही जास्त वाद्यांना पुरते.

नवी रॅम बसवताना वीज पूर्ण तोडा, रॅमची पट्टी दोन्ही टोकांना खटका ऐकू येईपर्यंत दाबा आणि पहिल्याच रात्री मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम चालू ठेवून झोपा. एकही चूक दाखवली तर पट्टी लगेच बदलून घ्यावी, नाहीतर पुढे प्रोजेक्ट मध्येच बंद पडू लागतो आणि आपण विनाकारण सॉफ्टवेअरला दोष देत बसतो.