जहाजावरची दोन सफरचंदं आणि रद्द झालेली ग्लोबल एंट्री

प्रश्न : मी भारतीय नागरिक, ग्रीन कार्डधारक, न्यू जर्सीत राहतो. पत्नी अमेरिकन नागरिक आहे. दोघांकडेही ग्लोबल एंट्री (आधीच छाननी झालेल्या प्रवाशांना अमेरिकेत झटपट प्रवेश देणारी योजना) होती. माझी आई बी-२ (पर्यटक) व्हिसावर आमच्याकडे आली आहे. तिला घेऊन फोर्ट लॉडरडेलच्या पोर्ट एव्हरग्लेड्सहून नासाऊ आणि सेंट थॉमसची क्रूझ केली. परतल्यावर टर्मिनलवर ग्लोबल एंट्रीवाल्यांना वेगळ्या रांगेने सोडत होते. आईला दुसऱ्या रांगेत उभं करून आम्ही तिथे गेलो. खाण्याचं काही आहे का, असं अधिकाऱ्याने विचारलं आणि मी नाही म्हणालो. माझ्या पाठपिशवीत जहाजावरच्या बुफेतली दोन सफरचंदं आणि एक संत्रं होतं. आईच्या न्याहारीसाठी घेतलं होतं, ते मी विसरलो होतो. कुत्र्याने पिशवी हुंगली. ३०० डॉलर दंड झाला, तो तिथेच भरला. तीन आठवड्यांनी सभासदत्व रद्द झाल्याचं पत्र ऑनलाइन खात्यात आलं. त्याला बारा दिवस झाले. दंड भरूनही शिक्षा कशी? सभासदत्व परत मिळेल का? पत्नीचंही जाईल का? पुढच्या वर्षी नागरिकत्वाचा अर्ज करायचा आहे, त्यात अडचण येईल का? शिवाय डिसेंबरात आईसह पुन्हा क्रूझ ठरली आहे.

उत्तर : आधी मुदतीचं बोलू. ग्लोबल एंट्रीचा नियम म्हणजे अमेरिकेच्या संघीय नियमसंग्रहातला ८ सीएफआर २३५.१२. सभासदत्व काढून घेतल्याची जी तारीख पत्रात दिली आहे, तिच्यापासून ३० दिवसांच्या आत तुमचा आक्षेप सीबीपीकडे (अमेरिकेचं सीमाशुल्क आणि सीमासुरक्षा खातं) पोहोचला पाहिजे. पत्र आलं तीच ती तारीख असेल तर बारा दिवस गेले, अठरा उरले. फेरविचाराचा अर्ज टीटीपी पोर्टलवरच्या (ग्लोबल एंट्रीचे अर्ज जिथे होतात ते सरकारी संकेतस्थळ) तुमच्या खात्यातून करता येतो. बटण नंतरही दिसत राहिलं तरी त्याच्या भरवशावर मुदत ओलांडू नका.

आता दंडाबद्दल. दंड आणि सभासदत्व ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. दंड झाला तो शेतीविषयक वस्तू जाहीर न केल्याबद्दल. ते दिवाणी स्वरूपाचं प्रकरण आहे आणि पैसे भरल्यावर तुमच्यापुरतं मिटलं. ग्लोबल एंट्री मात्र हक्क नसून सवलत आहे, आणि तिच्या अटींत स्पष्ट लिहिलं आहे की कोणत्याही देशाचा सीमाशुल्क, इमिग्रेशन किंवा शेतीविषयक नियम मोडल्याचं आढळलं तर माणूस अपात्र ठरू शकतो. वस्तू किती किमतीची होती, मुद्दाम लपवली होती का, असा भेद त्या वाक्यात नाही. २०१८ मध्ये पॅरिसहून अमेरिकेत उतरलेल्या एका प्रवासी महिलेला विमानातच मिळालेल्या एका सफरचंदासाठी ५०० डॉलर दंड झाला होता आणि तिच्याही ग्लोबल एंट्रीवर गदा आली होती.

जहाजावरच्या फळाबद्दल सगळ्यांची फसगत होते ती इथे. सफरचंद बहुधा अमेरिकेतलंच, मग ते परत आणण्यात गैर काय, असं वाटतं. पण जहाज परदेशी बंदरांना लागलेलं असतं, वाटेत तिथूनही माल भरला जाऊ शकतो, आणि पिशवीतलं संत्रं कुठल्या बागेतलं हे सिद्ध करायला तुमच्याकडे काही नसतं. फ्लोरिडात लिंबूवर्गीय झाडांचा ग्रीनिंग रोग २००५ मध्ये सापडला आणि त्याने तिथल्या संत्र्याच्या बागांचं अतोनात नुकसान केलं. फळमाशीची अळी तर फळाच्या आत असते, वरून दिसत नाही. त्यामुळे फ्लोरिडाच्या बंदरात संत्र्याकडे अधिकारी डोळेझाक करतील अशी अपेक्षाच ठेवू नका. जहाजातलं ताजं फळ जहाजातच संपवायचं.

आणि दंड फळासाठी झालेला नाही, ‘नाही’ या उत्तरासाठी झाला आहे. ‘हो, दोन सफरचंदं आणि एक संत्रं आहे’ एवढं तुम्ही म्हणाला असता, तर फळं काढून घेतली असती आणि तुम्ही तसेच पुढे गेला असता. जाहीर केलेली वस्तू जप्त होऊ शकते, पण जाहीर केल्याबद्दल दंड होत नाही. तोंडी उत्तर हेही कायद्याने डिक्लरेशनच असतं. कागदी फॉर्म भरून घेतला नाही म्हणून ते हलकं ठरत नाही. ग्लोबल एंट्रीच्या रांगेत प्रश्न झटकन विचारला जातो आणि उत्तरही झटकन दिलं जातं, म्हणून तिथे जास्त सांभाळावं लागतं.

फेरविचाराचा अर्ज असा करा. खात्यात जाऊन पत्र डाउनलोड करा आणि त्यातलं कारणाचं वाक्य शब्दशः उतरवून घ्या. सोबतचा खुलासा इंग्रजीत, एका पानाचा. सुरुवातीला रद्द केल्याची तारीख आणि दिलेलं कारण. मग घटना सरळ सांगा : कोणतं जहाज, कोणतं बंदर, कोणती तारीख, कोणती फळं, किती, कुठून घेतली, पिशवीच्या कुठल्या कप्प्यात होती, कोणता प्रश्न विचारला गेला आणि तुम्ही काय उत्तर दिलं. उत्तर चुकीचं होतं हे आडपडदा न ठेवता मान्य करा. त्यानंतर तपासणीत केलेलं सहकार्य, तिथेच भरलेला दंड आणि आधी एकही उल्लंघन नसल्याचं (खरोखर नसेल तरच) लिहा. दंडाची पावती, क्रूझचं वेळापत्रक आणि त्या दिवशी मिळालेला प्रत्येक कागद पीडीएफ करून जोडा.

काय लिहू नये हेही तितकंच महत्त्वाचं. ‘फक्त एक सफरचंद होतं’, ‘अधिकारी उद्धट होता’, ‘बाकीच्यांनाही सोडलं’ असल्या वाक्यांनी अर्ज कमकुवत होतो. फळं आईसाठी होती हे खरं असलं तरी जबाबदारी तिच्याकडे सरकेल अशी भाषा टाळा. पिशवी तुमची होती आणि उत्तरही तुम्ही दिलं. सीबीपीच्या नोंदीत आईचं नाव विनाकारण जोडलं गेलं तर पुढच्या वेळी विमानतळावर तिला त्याची उत्तरं द्यावी लागतील. आणि एकही गोष्ट वाढवून लिहू नका. सरकारी यंत्रणेपुढे जाणूनबुजून खोटं विधान करणं हा संघीय गुन्हा आहे (१८ यूएससी १००१). तीनशे डॉलरच्या दिवाणी दंडातून तिथवर जाण्याची काहीच गरज नाही.

त्याच दिवशी सीबीपीकडे एफओआयए (माहितीच्या अधिकाराचा अमेरिकन कायदा) अर्जही टाका आणि त्या तपासणीची नोंद मागा. अधिकाऱ्याने लिहिलेलं आणि तुम्हाला आठवणारं यांत कधीकधी बराच फरक असतो. ‘विचारल्यावर नाही म्हणाला’ आणि ‘दोनदा विचारल्यावरही नाही म्हणाला’ या दोन नोंदींचं वजन सारखं नाही. कायद्याने उत्तराला कामकाजाचे २० दिवस दिले आहेत, प्रत्यक्षात त्याहून जास्त लागू शकतात. म्हणून त्यासाठी फेरविचाराचा अर्ज थांबवून ठेवू नका. कागद मिळाले की पूरक म्हणून जोडता येतात का ते पाहा. नियमात आणखी एक दार आहे, डीएचएस ट्रिप (गृहसुरक्षा खात्याची प्रवाशांसाठीची तक्रार-निवारण व्यवस्था). पण ते मुख्यतः नावात गल्लत झालेल्या किंवा चुकून यादीत अडकलेल्या प्रवाशांच्या उपयोगाचं आहे. तुमच्या बाबतीत ओळखीचा घोटाळा नाही, त्यामुळे वेळ तिकडे घालवू नका.

अर्ज मंजूर होईलच असं मी म्हणणार नाही. नियमातच लिहिलं आहे की फेरविचार पूर्णपणे सीबीपीच्या मर्जीचा आहे. कोर्टात जाण्याचा विचार मनात असेल तर तो सोडा. २०१४ मध्ये डी.सी. सर्किट अपील न्यायालयाने म्हटलं की ग्लोबल एंट्री कोणाला द्यायची हा निर्णय कायद्याने सीबीपीवर सोपवलेला आहे, न्यायालय त्यात शिरणार नाही. म्हणजे तुमची खरी बाजू मांडायची जागा ते एक पानच आहे, आणि त्यासाठी दोन संध्याकाळी नीट द्या. अर्ज फेटाळला गेला तर काही काळाने नवा अर्ज करण्याचा मार्ग असतो. त्याची फी १२० डॉलर आहे आणि नकार आला तरी ती परत मिळत नाही. त्या अर्जात सीमाशुल्क कायद्याचं उल्लंघन कधी झालं होतं का, असा थेट प्रश्न असतो. त्याचं तुमचं उत्तर यापुढे ‘हो’ असंच राहील.

पत्नीचं सभासदत्व वेगळं आहे. ते व्यक्तीगणिक असतं, दंडाची पावती तुमच्या नावावर आहे, आणि तिने स्वतः चुकीचं उत्तर दिल्याची नोंद नसेल तर केवळ तुमच्या प्रकरणामुळे तिचं जाण्याचं कारण नाही. तरी तिने खात्यात एकदा लॉगइन करून स्थिती पाहून घ्यावी. एका घरात राहणारे आणि एकत्र परतणारे लोक संयुक्त डिक्लरेशन देऊ शकतात. तसं दिलं असेल आणि उत्तर दोघांच्या वतीने गेलं असेल, तर तेही तुमच्या खुलाशात स्पष्ट यायला हवं.

एक गोष्ट लोकांना विमानतळावर गेल्यावरच कळते. ग्लोबल एंट्रीबरोबर टीएसए प्रीचेकही (विमानतळावरची झटपट सुरक्षा तपासणी) जातं, कारण दोन्हींना तोच क्रमांक चालतो. एअरलाइनच्या प्रोफाइलमधला तो जुना क्रमांक काढून टाका. ग्रीन कार्डधारकाला प्रीचेकसाठी स्वतंत्र अर्ज करता येतो, तो टीएसएकडे जातो आणि त्याची छाननी वेगळी असते.

नागरिकत्वाबद्दल घाबरू नका. हा दिवाणी दंड आहे, गुन्ह्याची शिक्षा नाही, आणि एवढ्या एका घटनेने ‘चांगलं नैतिक चारित्र्य’ नाकारलं जाईल असं मला वाटत नाही. पण एन-४०० या नागरिकत्वाच्या अर्जात अटक, सायटेशन (नियमभंगाची लेखी नोटीस), ताब्यात घेणं यांबद्दलचे प्रश्न फार व्यापक शब्दांत विचारलेले आहेत. दंडाची घटना तिथे सांगा, दोन ओळींचं स्पष्टीकरण आणि पावती जोडा. नोंद यूएससीआयएसला (नागरिकत्वाचे अर्ज तपासणारं खातं) दिसते आहे असं धरूनच चाला. तीनशे डॉलरचा दंड अर्ज बुडवत नाही. शपथेवर दिलेली खोटी साक्ष मात्र इमिग्रेशन कायद्याच्या कलम १०१(एफ)(६) खाली चारित्र्याच्याच आड येते, मग विषय कितीही क्षुल्लक असो.

आता डिसेंबर. तुम्ही मोबाइल पासपोर्ट कंट्रोल हे सीबीपीचं मोफत ॲप वापरू शकता. ते अमेरिकन नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना चालतं, आणि मोजक्या समुद्री बंदरांत पोर्ट एव्हरग्लेड्स आणि मायामी यांचा समावेश आहे. त्यासाठी ग्लोबल एंट्री लागत नाही. बी-२ वर आलेल्या भारतीय पाहुण्यांना मात्र ते चालत नाही. माझा सल्ला असा की तिघांनी आईच्या रांगेतच एकत्र उभं राहावं. आई मागे अडकली तर तुम्ही पुढे जाऊन सामानापाशी थांबणार, म्हणजे वेळ वाचत नाहीच, आणि तिला एकटीला इंग्रजीत उत्तरं द्यावी लागतात. आता बऱ्याच क्रूझ टर्मिनलवर चेहऱ्याचा फोटो पासपोर्टच्या फोटोशी जुळवून माणसं पुढे सोडतात, त्यामुळे साधी रांगही पूर्वीपेक्षा लवकर सरकते. खरी गर्दी जहाजातून उतरताना असते. स्वतःचं सामान स्वतः उचलून उतरण्याचा पर्याय घेतला तर रांगेच्या पुढच्या भागात पोहोचता.

आईला स्वतःची ग्लोबल एंट्री घेता येईल, भारतीय नागरिक २०१७ पासून पात्र आहेत. मात्र त्यासाठी भारताच्या पासपोर्ट सेवेतर्फे पार्श्वभूमीची पडताळणी आणि अमेरिकेत मुलाखत, दोन्ही लागतात. डिसेंबरपर्यंत जमेल असं धरू नका. त्या वारंवार येणार असतील तरच फी आणि खटपट कारणी लागेल.

डिक्लरेशनमध्ये या वेळी सगळं सांगा. आईने बरोबर नेलेला चिवडा, चकल्या, लोणचं उरलं असेल तर ‘खाद्यपदार्थ आहेत’ म्हणा. कोरडे भाजलेले-तळलेले पदार्थ बहुतेक वेळा पाहून परत देतात. ताजी कढीपत्त्याची पानं, फळं, रोपं, बिया यांची आशा ठेवू नका. नासाऊत क्यूबन सिगार दिसले तरी घेऊ नका. सप्टेंबर २०२० पासून क्यूबात बनलेली दारू आणि तंबाखू प्रवासी सामानातही आणता येत नाही, दुसऱ्या देशात विकत घेतली असली तरी. तुम्हा दोघांची ड्यूटी-फ्री मर्यादा सामान्यतः प्रत्येकी ८०० डॉलर आहे, आणि सेंट थॉमससारख्या अमेरिकन बेटांवरून आलात तर १,६०० पर्यंत, पण त्यातला इतर देशांतल्या खरेदीचा वाटा ८०० च्या आत हवा. दागिन्यांच्या पावत्या हातातल्या पिशवीत ठेवा. आई इथली रहिवासी नाही, म्हणून तुमची मर्यादा तिला लागू होत नाही. तिच्या नावावर खरेदी दाखवून हिशेब जुळवू नका.

तुमच्याजवळ भारतीय पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड दोन्ही असू द्या. ग्लोबल एंट्रीचं कार्ड ग्रीन कार्डाची जागा घेत नाही, आणि आता तर ते वापरायचंच नाही. आईच्या पासपोर्टवरचा व्हिसा ‘मल्टिपल’ (अनेकदा प्रवेशाचा) आहे आणि परतीच्या तारखेला वैध आहे हे तिकिटाचे उरलेले पैसे भरण्याआधी तपासा. शिवाय, क्रूझवरून परतलं की मुक्कामाचे सहा महिने नव्याने सुरू होतात असं अनेक घरांत समजलं जातं. तसं होईलच असं नाही, अधिकारी जुन्याच मुदतीवर आत घेऊ शकतो. जहाजातून उतरल्यानंतर दुसऱ्या दिवशी सीबीपीच्या संकेतस्थळावरून आईचा आय-९४ (प्रवेशाची आणि मुक्कामाच्या मुदतीची नोंद) काढा आणि त्यातली तारीख पाहूनच तिचं परतीचं तिकीट ठरवा.