कायदेविषयक सल्ला : एम.एच. पासिंगची गाडी, कापलेला हौदा आणि आर.टी.ओ.ची नोटीस

प्रश्न : मी बेळगावजवळच्या उचगाव परिसरात राहतो. चौदा महिन्यांपूर्वी कोल्हापूरच्या एका गृहस्थांकडून एम.एच. ०९ पासिंगची छोटी मालवाहू गाडी विकत घेतली आणि उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमध्ये तिच्यावर हजार लिटरची टाकी, डिझेल इंजिनवरचा प्रेशर पंप आणि पाइपची रीळ बसवून घेतली. फाउंड्रीच्या शेड, जेसीबी, कोंबड्यांच्या शेड जागेवर जाऊन धुऊन देतो. निम्मी कामे सीमेपलीकडे, महाराष्ट्रातल्या शिनोळीकडची असतात. गेल्या आठवड्यात बाची रस्त्यावर निरीक्षकांनी गाडी अडवून ‘विनापरवानगी बदल’ आणि ‘परराज्यातील नोंदणी’ अशी दोन कारणे लिहून खुलासा मागितला आहे. आर.सी. (नोंदणी प्रमाणपत्र) अजून जुन्या मालकाच्याच नावावर आहे. एजंट म्हणतो, दंड भरा, विषय संपला. काय करावे?

उत्तर : आपण पत्रासोबत पाठवलेले फोटो आणि आर.सी.ची प्रत मी पाहिली. दंड भरल्याने त्या दिवशीचा गुन्हा तडजोडीने मिटतो. गाडी कायदेशीर होत नाही. दुसऱ्या दिवशी तीच गाडी त्याच रस्त्याने गेली, तर तोच अहवाल पुन्हा लिहिला जाऊ शकतो. त्यामुळे खुलासा देण्यापूर्वी कामाचा क्रम ठरवावा लागेल.

आधी हौद्याचे पाहू, कारण खरी अडचण तिथे आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी आर.सी.वरील नोंदी विसंगत ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि ‘बदल’ याचा अर्थ गाडीच्या रचनेत असा फेर, ज्यामुळे तिचे मूळ स्वरूपच पालटते. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हा नियम कडकपणे वाचला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ (४) खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. आपल्या फोटोत टाकीचे चारही पाय थेट चॅसीला वेल्डिंग केलेले दिसतात, हौद्याची डावी बाजू कापलेली आहे आणि मागचा फाळका काढूनच टाकला आहे. ही गाडी मालवाहू राहिली आहे, असे म्हणणे मलाही अवघड जाईल. शिवाय पाइपची रीळ नंबर प्लेटच्या बरोबर पुढे आली आहे. अहवालात हे आले नाही, हे आपले नशीब.

याउलट, हौदा मूळ रूपात असेल, आणि टाकी, पंप व इंजिन एका लोखंडी चौकटीवर बसवून ती चौकट हौद्यात बोल्टने आवळलेली असेल, चार माणसांनी उतरवून ठेवता येईल अशी, तर माझ्या मते तो गाडीत ठेवलेला माल ठरतो, रचनेतील बदल नव्हे. निरीक्षकांचे मत वेगळे पडू शकते, म्हणून गाडी पूर्ववत करून त्यांना प्रत्यक्ष दाखवावी. गाडीचा प्रकारच बदलून विशेष वापराची म्हणून मंजुरी घेण्याचा मार्ग आहे, पण एका छोट्या गाडीसाठी तो खर्च आणि तो खटाटोप परवडणारा नाही.

वजनाकडे आपले लक्ष गेलेले दिसत नाही. आपल्या आर.सी.त रिकामे वजन १,१०० किलो आणि भरलेले कमाल वजन २,१२० किलो आहे, म्हणजे हाती राहतात १,०२० किलो. भरलेल्या टाकीतले पाणीच १,००० किलो; आपण कळवलेले सामानाचे वजन २४० किलो; आपण आणि मदतनीस मिळून १५० धरले, तर एकूण १,३९० होतात. कलम १९४ खाली जादा वजनाचा दंड २०,००० रुपयांपासून सुरू होतो. ५०० लिटरची टाकी घ्या, तिच्यात आडव्या पत्र्याचे कप्पे करून घ्या, आणि भरलेल्या गाडीची वजनकाट्याची पावती कागदपत्रांत ठेवा. अर्धी भरलेली बिनकप्प्याची टाकी चोर्ला घाटाच्या वळणावर काय करते, हे ड्रायव्हरांना विचारावे.

आता नोंदणी. सीमाप्रश्नाचा मूळ दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल; आर.टी.ओ.च्या दृष्टीने मात्र गाडी ज्या राज्यात मुक्कामाला असते ते राज्य मोजले जाते. कलम ४७ नुसार दुसऱ्या राज्यात नोंदलेली गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ इथे ठेवली, तर इथला नवा क्रमांक घ्यावा लागतो. आपले चौदा महिने झाले आहेत. कामे शिनोळीत असली तरी गाडी रात्री उचगावातच उभी असते, त्यामुळे ‘गाडी महाराष्ट्रातच चालते’ असा खुलासा लिहू नये. डिझेलच्या पावत्याच तो खोटा पाडतील.

क्रम असा ठेवावा. जुन्या मालकांकडून फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्याव्यात, फॉर्म २८ भरून कोल्हापूर कार्यालयातून एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र) घ्यावी, कर्जाचा बोजा असेल तर फॉर्म ३५ ने तो उतरवावा, आणि मग फॉर्म २७ सह बेळगावच्या के.ए. २२ कार्यालयात नाव हस्तांतर व नवा क्रमांक मागावा. इथला कर भरावा लागेल. जुने मालक टाळाटाळ करत असतील, तर त्यांना शांतपणे एवढेच सांगावे की, २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानुसार आर.सी.वर ज्याचे नाव, तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक धरला जातो. हे ऐकल्यावर माणसे सहसा त्याच आठवड्यात सही करतात. विमा आपल्या नावावर करून घ्यावा आणि गाडीवरील यंत्राची माहिती विमा कंपनीला लेखी कळवावी. ती लपवून ठेवली, तर गाडीच्या नुकसानीचा दावा नेमका गरजेच्या वेळी फेटाळला जाण्याचा धोका असतो.

एजंटाने परमिटसाठी पैसे मागितले असतील, तर देऊ नयेत. ज्या मालवाहू गाडीचे भरलेले वजन ३,००० किलोंपेक्षा अधिक नाही, तिला कलम ६६ खाली परमिटच लागत नाही. फिटनेस प्रमाणपत्र मात्र लागते. हलक्या वाहनाचे आपले लायसन्स या गाडीला पुरते; ७,५०० किलोंखालील वाहनांबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तो वाद मिटवला आहे. जीएसटीचेही शिनोळीमुळे घाबरू नका : सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर केवळ परराज्यात सेवा दिली म्हणून नोंदणी सक्तीची होत नाही.

ग्रीस आणि डिझेल मिसळलेले धुण्याचे पाणी नाल्यात सोडणे जल प्रदूषण प्रतिबंध कायदा, १९७४ च्या कलम २४ खाली येते. फाउंड्रीशी कामाचा कागद करताना ‘सांडपाणी कारखान्याच्या स्वतःच्या व्यवस्थेत जाईल’ हे वाक्य त्यात घालून घ्यावे. जेसीबी रस्त्याकडेला धुऊ नये.

खुलासा आपण मराठीत देऊ शकता. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० ने तो हक्क दिला आहे. तरीही सोबत कन्नड प्रत जोडावी, म्हणजे फाइल भाषांतरासाठी पडून राहणार नाही. खुलाशात बदल नाकारू नये. वेल्डिंग काढून हौदा पूर्ववत करत आहोत आणि एनओसीचा अर्ज अमुक तारखेला दिला आहे, एवढेच लिहून अर्जाची पोच व दुरुस्तीनंतरचे चारही बाजूंचे फोटो जोडावेत, आणि तोवर गाडी घरीच उभी ठेवावी.