नातवंडांसोबत डोंगरात: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

थंडी सुरू झाली की आजी-आजोबांची पत्रं वाढतात. या अंकासाठी निवडलेले पाचही प्रश्न एकाच दिवसाबद्दलचे आहेत: लहान नातवंडाला घेऊन सकाळी डोंगरात जायचं आणि अंधाराआधी घरी परतायचं.

प्रश्न: आम्ही दोघं साठीच्या पुढचे, नात साडेचार वर्षांची. लेक आणि जावईही सोबत असतील. जावयांना लोहगडावर जायचं आहे, मला माथेरान बरं वाटतं. डोंबिवलीहून सकाळी निघून संध्याकाळी परत यायचं आहे. कुठे जावं?

या वर्षी माथेरानला जा. लोहगडाला अजून दोन वर्षं थांबा.

लोहगड चढायला अवघड नाही. गाडी लोहगडवाडीपर्यंत जाते आणि तिथून गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा अशा चार दरवाज्यांतून बांधीव पायऱ्यांनी माणूस वर पोचतो. अडचण उतरताना येते. साडेचार वर्षांच्या मुलीच्या गुडघ्याइतक्या किंवा त्याहून उंच पायऱ्या या वाटेवर बऱ्याच आहेत. चढताना ती हातापायांनी हौसेने चढते. उतरताना मात्र प्रत्येक पायरीला तिला आधार लागतो, आणि नेमकी तेव्हाच ती भुकेली आणि झोपाळलेली असते. शिवाय माथ्यावर बऱ्याच ठिकाणी कठडा नाही. विंचूकाट्याच्या चिंचोळ्या सोंडेवर तर लहान मुलाला नेऊच नये.

माथेरानला चढण्याचं काम वाहन करतं. कर्जतकडे जाणाऱ्या लोकलने नेरळला उतरा, स्टेशनबाहेरच्या टॅक्सीने अर्ध्या तासात दस्तुरी नाक्यावर पोचाल. तिथून पुढे मोटारींना बंदी आहे. नात हात सोडून पळाली तरी समोरून मोटार येणार नाही, हे सुख आपल्याकडच्या दुसऱ्या कुठल्या डोंगरी गावात मिळत नाही. घोड्यांवर आणि आता सुरू झालेल्या ई-रिक्षांवर मात्र लक्ष ठेवावं लागतं. बाजारात घोडे भरधाव आणतात, म्हणून मुलीला रस्त्याच्या कडेच्या बाजूला चालवा.

दस्तुरीपासून बाजारपेठ सुमारे अडीच किलोमीटर आहे. जवळच्या अमन लॉज स्थानकातून छोट्या रेल्वेगाडीची (टॉय ट्रेनची) शटल सुटते. जाता-येता तिनेच जा, कारण मुलांना ती आवडते आणि पायही ताजे राहतात. रविवारी तिकिटाची रांग लांब असते, म्हणून शक्य झालं तर मधला वार निवडा. नेरळहून थेट छोट्या गाडीने जायचा मोह होईल. १९०७ पासूनची ही गाडी २१ किलोमीटरचा घाट दोन तासांहून जास्त वेळात चढते. एका दिवसाच्या सहलीत एवढा वेळ बसून घालवणं या वयाला जड जातं. ती गंमत मुक्कामाच्या सहलीसाठी ठेवा.

वेळ ठरवताना मागून पुढे मोजत या. हिवाळ्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी टॅक्सीलाही रांग लागते, म्हणून दस्तुरीवर साडेतीन-चारला पोचलेलं बरं. म्हणजे बाजारातून पावणेतीनला निघायचं. त्याआधी एक ते अडीच मुलीची झोप, आणि बारा ते एक जेवण. फिरायला उरतात साडेनऊ ते बारा हे अडीच तास. एवढ्यात एकच फेरी होते. शार्लोट लेक, शेजारचं पिसरनाथाचं देऊळ, आणि पाय चालत असतील तर तिथून जवळचा एखादा पॉइंट. तलावात उतरू देऊ नका, गावाचं पिण्याचं पाणी तिथून येतं. सगळे पॉइंट बघायचे असं मनात धरून निघालात तर दुपारी दोन वाजता रडारड ठरलेली.

साडेचार वर्षांचं मूल सपाट वाटेवर थांबत थांबत दिवसभरात चारेक किलोमीटर चालतं. ताशी दीड किलोमीटरपेक्षा जास्त वेग धरू नका. त्यातला निम्मा वेळ लाल माती उकरण्यात आणि मुंग्या बघण्यात जाणार, तो जाऊ द्या. पॉइंटवर पोचायच्या आधीच तिचं मनगट धरा, पोचल्यावर नाही. कठडा असला तरी त्याच्या फटींतून लहान मूल सहज जातं.

निघताना तिच्या खिशात दोन फोन नंबरांची चिठ्ठी, गळ्यात शिट्टी आणि अंगात नारिंगी किंवा पिवळा सदरा असू द्या. झाडीत आणि धुक्यात हे रंग लांबून दिसतात. चुकलीस तर शोधत फिरायचं नाही, असशील तिथेच बसून शिट्टी वाजवायची, हा खेळ आठवडाभर आधी घरातच खेळून घ्या.

प्रश्न: नातू तीन वर्षांचा, वजन चौदा किलो. सज्जनगडाच्या पायऱ्या उतरताना तो दमला, म्हणून एक हात धरून त्याला पायरी पायरी उचलत खाली आणलं. गाडीतळावर पोचल्यावर त्याने तो हात हलवणंच सोडलं. डॉक्टरांनी क्षणात बसवून दिला. पुन्हा होईल का? आणि मी त्याला खांद्यावर घ्यायला हवं होतं का? (एक आजोबा, सातारा)

पाच वर्षांच्या आतल्या मुलांच्या कोपरात हाताच्या हाडाचं डोकं एका बारीक पट्ट्याने धरलेलं असतं. तो पट्टा या वयात सैल असतो. सरळ हात धरून वर ओढलं की हाड त्यातून किंचित सरकतं. सूज दिसत नाही, मूल हात जरा वाकवून अंगाशी धरून ठेवतं आणि वापरत नाही. ओळखीची खूण हीच. एकदा झालं की पुन्हा होण्याची शक्यता असते, म्हणून पुढची दोन वर्षं त्याला हाताने उचलू नका. दोन्ही काखांत हात घालून उचला. दोघांनी दोन हात धरून झोके देणंही बंद. आणि निसटलेला हात घरी बसवू पाहू नका. हाड मोडलं असेल तर ते बाहेरून कळत नाही.

पायऱ्या उतरताना मोठ्या माणसाने मुलाच्या एक पायरी खाली, दरीच्या बाजूला राहायचं आणि मुलाने तुमचा खांदा धरायचा. पायरी फार उंच असेल तर त्याला बसून उतरू द्या. चड्डी मळते, एवढंच.

खांद्याबद्दल: आजोबांनी घेऊ नये. पायरी उतरताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे साडेतीन पट भार येतो. चौदा किलोचा नातू पाठीवर असला तर प्रत्येक पायरीला गुडघा जवळजवळ पन्नास किलो जास्त सोसतो. शिवाय खांद्यावरच्या मुलामुळे तोल वर सरकतो आणि पायाखालचं दिसत नाही. उचलायचंच असेल तर ते काम त्याच्या आईबाबांचं, तेही कंबरपट्टा असलेल्या बाळझोळीत, पाठीवर. कंबरपट्टा आधी आवळा, खांद्याचे पट्टे नंतर. उलट केलं तर सगळं वजन खांद्यावर लोंबतं. झोळीवर लिहिलेली वजनाची मर्यादा वाचून घ्या, बऱ्याच झोळ्या पंधरा किलोपर्यंतच्याच असतात.

तुमच्यासाठी दोन काठ्या. सपाटीवर कोपर काटकोनात येईल इतकी लांबी ठेवा, उतारावर त्याहून पाच ते दहा सेंटिमीटर जास्त. काठी आधी खालच्या पायरीवर टेकवा, मग पाय टाका.

प्रश्न: ताम्हिणी घाटात नातीला दर वेळी उलटी होते. उपाशी नेलं तरी होते. (एक आजी, पुणे)

उपाशी नेल्यानेही मळमळ वाढते. निघण्याआधी तासभर थोडी पोळी किंवा इडली द्या, दूध आणि तेलकट नको. डोळ्यांना गाडीचा आतला भाग स्थिर दिसतो, पण कानातल्या तोलाच्या इंद्रियाला वळणं जाणवतात. या विसंगतीने उलटी होते, म्हणून मोबाइल आणि चित्रांचं पुस्तक घाटात बंद. तिला लांबचा डोंगर किंवा पुढचा रस्ता दिसेल इतकी उंच बसवा. मुलांच्या आसनाने ही उंचीही मिळते. काच बोटभर उघडी ठेवा, गाडीत सुगंधी डबी नको. औषध हवंच असेल तर वजनानुसार मात्रा बालरोगतज्ज्ञांकडून लिहून घ्या आणि पहिल्यांदा घरी असताना देऊन पाहा. काही मुलं त्याने दिवसभर पेंगतात.

पुढच्या आसनावर मांडीवर घेऊन बसू नका. चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याने किंवा मुलांच्या आसनात बांधलेलं नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब नुसार हजार रुपये दंड आहे. पण खरं कारण वेगळं आहे: जोराचा ब्रेक लागला की कुणाचेही हात मुलाला धरून ठेवू शकत नाहीत.

प्रश्न: डबा काय न्यावा, पाणी किती? गडावरचं पिठलं-भाकरी मुलाला चालेल का? पावसाळ्यात धबधब्यावर नेलं तर काय काळजी घ्यावी? (एक आजी-आजोबा, कल्याण)

भाकरी चालेल. पिठल्यात मिरची भरपूर असते, म्हणून त्याच्यापुरता घरचा डबा असू द्या. दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या उत्तम, त्या संध्याकाळपर्यंत मऊ राहतात. तूप-गूळ सोबत. राजगिऱ्याचा लाडू, केळी, उकडलेला बटाटा. उन्हात आंबणारा दहीभात आणि ओल्या नारळाची चटणी टाळा. दर तासाला दोन-तीन घास द्या. एकदम जेवण दिलं तर पुढची चाल मंदावते.

चिक्कीबद्दल कळकळीने सांगतो. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खे शेंगदाणे, फुटाणे आणि चिक्कीचे तुकडे चालताना किंवा चालत्या गाडीत देऊ नका. हसताना किंवा ठेच लागताना दाणा श्वासनलिकेत जातो. द्यायचेच तर कूट करून, बसवून.

पाणी मुलासाठी एक लिटर, मोठ्यांसाठी माणशी दोन. गडावरच्या टाक्यांतलं पाणी मुलाला नको. क्षारसंजीवनीची पुडी न्या आणि पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात पूर्ण विरघळवा. अर्ध्या पाण्यात केलेलं द्रावण घट्ट होतं आणि जुलाब वाढवतं. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. आजोबांना मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर गोळ्यांच्या आणि खाण्याच्या वेळा घरच्यासारख्याच ठेवा. चढायचंय म्हणून नाश्ता चुकवू नका.

पाच वर्षांच्या आतल्या मुलाला धबधब्यात उतरवू नका. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्यांत लहान मुलंही होती. आपण उभे असतो तिथे पाऊस नसला तरी वर डोंगरात पडलेला पाऊस काही मिनिटांत खाली उतरतो. पाणी गढूळ झालं, पाचोळा वाहून येऊ लागला किंवा आवाज बदलला की तिथे थांबायचं नाही. सामान राहिलं तर राहू द्या. धबधबा लांबून, रस्त्याच्या सुरक्षित बाजूने दाखवा. शेवाळलेल्या कातळावर मोठ्यांचे पाय टिकत नाहीत, तिथे मुलाला धरणाराही पडतो.

प्रश्न: सप्तशृंगगडावर माकडांनी नातवाच्या हातातला प्रसाद ओढून नेला, तेव्हापासून तो घाबरतो. आणि गडांवर मोहोळ उठल्याच्या बातम्या येतात, तेव्हा काय करायचं? (एक आजी, नाशिक)

माकडाला प्लॅस्टिकच्या पिशवीची खसखस ओळखू येते. खाणं पाठीवरच्या बंद पिशवीत, मुलाच्या हातात काहीही नाही. माकड जवळ आलं तर त्याच्या डोळ्यांत बघू नका, दात दिसतील असं हसू नका, पळू नका. मुलाला पाठीशी घ्या आणि रिकामे तळवे दाखवत मागे सरका. पकडलेली वस्तू सोडून द्या, ओढाताणीतच ओरखडे येतात. ओरखडा कितीही बारीक असो, साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखान्यात जा. गडावर जाताना रेल्वेसारख्या डब्याने, म्हणजे २०१८ पासून सुरू असलेल्या फ्युनिक्युलरने नेलं तर पायऱ्यांवरची माकडं बरीचशी टळतात.

आग्या मोहोळ कड्याच्या कपारीत आणि उंच झाडांवर असतं. धूर, दगड आणि उग्र अत्तर यांनी ते उठतं. म्हणून त्या दिवशी अत्तर नको, आणि गडावर कुणी शेकोटी पेटवत असेल तर तिथून निघा. माशा उठल्या तर हात झटकू नका. मुलाचं डोकं आणि तोंड ओढणीत गुंडाळा, त्याला कवेत घ्या आणि आलात त्या वाटेने न थांबता दूर जा. गाडी किंवा बंद खोली मिळाली तर उत्तम. गर्दीत धावताना कड्याकडे जाऊ नका. बरेच जण माशांपेक्षा पळापळीत पडून जखमी होतात.

काटा राहिला असेल तर नखाने किंवा कार्डाच्या कडेने लगेच खरवडून काढा. जितका वेळ तो आत राहील तितकं विष उतरत राहतं. बर्फ किंवा थंड ओलं फडकं ठेवा. ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, मूल घरघरू लागलं किंवा मलूल पडलं तर १०८ ला फोन करा. पाच-सहापेक्षा जास्त डंख असतील तर लक्षणं दिसायची वाट न बघता त्याला दवाखान्यात न्या आणि काही तास डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवा.