वहिनी स्टेजवर बसायला नाही म्हणते

ताई, माझा दादा मागच्या फेब्रुवारीत काश्मीरमध्ये चकमकीत गेला. आमचं गाव साताऱ्याकडचं, घरटी एक फौजी. आता पहिला स्मृतिदिन येतोय. मंडळाच्या पोरांनी वर्गणी काढून चौकात अर्धपुतळा बसवायचं ठरवलंय, आमदार यायचेत. वहिनी म्हणते, पुतळा बसवा, पण मी स्टेजवर येणार नाही आणि लेकीलाही आणणार नाही. लेक चार वर्षांची आहे. आई फार दुखावलीय. चुलते म्हणतात, पैसा तिच्या नावावर आला, उद्या माहेरी निघून जाईल, त्यापेक्षा धाकट्याशी गाठ घालून द्या. दादाची ट्रंक युनिटमधून आली, ती वहिनीने अजून उघडलेली नाही. मी पुण्याला असते. दर शनिवारी एसटीने जाते, दोघींच्या मधे बसते आणि परत येते. दादाचा मान राहावा आणि घरही मोडू नये, तर मी काय करू?
– एक बहीण

अगं,

पत्र तीनदा वाचलं. आई, वहिनी, चुलते, मंडळ, सगळे आहेत त्यात. तू कधी रडलीस ते कुठे सापडलं नाही. त्याकडे शेवटी येते.

आधी स्टेजचं. या वर्षात वहिनीला किती वेळा वर बसवलं ते जरा मोज. १ मे झाला, २६ जुलैचा कारगिल दिन झाला, १५ ऑगस्ट, मग गणपतीतला सत्कार. दर वेळी शाल, श्रीफळ, फोटो. निवेदक माइक हातात घेऊन ती शेवटची चकमक पहिल्यापासून सांगणार, तीही रंगवून, जणू स्वतः तिथे होता. आणि चार वर्षांची पोर आईच्या मांडीवर बसून ते सगळं ऐकणार. रात्री घरी आल्यावर ती काय काय विचारत असेल, आणि उत्तर कोण देत असेल? वहिनीने पुतळ्याला नाही म्हटलेलंच नाही. तिला फक्त त्या खुर्चीत पुन्हा बसायचं नाही.

पण आईही चुकत नाहीये. तिच्या वाट्याला काय आलं? तिरंग्यात गुंडाळलेली पेटी आली, गर्दी लोटली, फैरी झाल्या, आणि बघता बघता सगळं आटोपलं. लेकाच्या तोंडावरून हात फिरवायला तरी मिळाला का तिला? चौकातला तो पुतळा तिला त्यासाठी हवा असेल. तुमच्याच जिल्ह्यातलं मिलिटरी अपशिंगे घे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान पडले. शंभर वर्षं उलटून गेली तरी गाव त्यांची आठवण धरून आहे. गावाने आपल्या माणसाचं नाव दगडावर कोरावं यात वावगं काही नाही. म्हणून पुतळ्याचं अनावरण आईच्या हातून होऊ दे, आमदार बाजूला उभे राहतील. वहिनीला वाटलं तर ती लेकीला घेऊन पहाटे, माइक लागायच्या आधी, फूल वाहून जाईल. नाही वाटलं तर नाही. हे मंडळाच्या पोरांना तू सांग, आणि आत्ताच सांग, पत्रिका छापायच्या आधी. ‘वीरपत्नींच्या प्रमुख उपस्थितीत’ असं एकदा छापून गेलं की मग आग्रह सुरू होतो.

आणखी एक. मूर्तिकाराकडे मातीचा नमुना तयार झाला की तो ओतण्याआधी आई आणि वहिनी, दोघींना नेऊन दाखव. टोपीतल्या एका पासपोर्ट फोटोवरून केलेले पुतळे मी पाहिलेत. टोपी आणि मिशी सोडली तर सगळे एकाच माणसाचे वाटतात. दादाच्या हनुवटीला खळी होती की नव्हती, ते या दोघींनाच ठाऊक. परवानगीचा कागद हातात आहे का तेही विचार. बिनपरवाना बसवलेला पुतळा फडक्याने झाकून ठेवायची वेळ आली, तर आईला ते सहन होणार नाही.

आता चुलत्यांचं. धाकट्याला कुणी विचारलंय का? पत्रात तरी नाही. वहिनीला विचारलंय का? तेही नाही. म्हणजे ही सोयरीक नव्हे, पैसा घरात ठेवायचा बंदोबस्त आहे. शौर्यपदकासोबत मिळणारा भत्ता विधवेला पुनर्विवाहानंतर हवा असेल तर तिने दिराशीच लग्न करायचं, अशी अट एके काळी सरकारी नियमातच होती. २०१७ मध्ये सरकारने ती काढून टाकली. सरकारला जे कळलं ते चुलत्यांना समजावून सांगायला तुमच्याकडे एखादा निवृत्त सुभेदार नक्की असेल. बाईमाणसाने सांगितलेलं ते ऐकायचे नाहीत, हे मी गृहीत धरलंय.

आईबाबांची भीती मात्र खरी आहे. म्हातारपणी आमचं कोण, हा प्रश्न ते ‘ती माहेरी जाईल’ असा विचारतायत. तो वहिनीसमोर सरळ मांडा, कागदं पुढ्यात ठेवून. विम्यावर कुणाचं नाव घालायचं ते दादाने स्वतः लिहून दिलेलं असतं, वहिनीने ते कुणाकडून हिसकावलेलं नाही. कागदांवर ‘बॅटल कॅज्युअल्टी’, म्हणजे लढाईत कामी आलेला, असा शब्द दिसेल. ‘शहीद का लिहिलं नाही’ म्हणून बरीच घरं तिथे चिडतात. सैन्याच्या कागदात शहीद हा शब्द वापरतच नाहीत. आणि या रुक्ष शब्दावरच उदारीकृत कौटुंबिक निवृत्तिवेतन ठरतं, ते शेवटच्या पगाराइतकं असतं. तेव्हा तो शब्द प्रत्येक कागदावर नीट आलाय ना, ते बघ. ‘स्पर्श’ या फौजी निवृत्तिवेतनाच्या पोर्टलवर दरवर्षी हयातीचा दाखला भरावा लागतो, राहिला तर निवृत्तिवेतन अडकतं. शनिवारी जातेस तशी एकदा कामाच्या दिवशी रजा टाकून जा आणि वहिनीबरोबर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात बस. दोघींच्या मधे बसण्यापेक्षा तिच्या शेजारी बसून फॉर्म भरलास तर ती बोलू लागेल, असं मला वाटतं.

गावात कुणीतरी स्वाती महाडिकांचं नाव घेतलंच असेल. त्यांचे पती कर्नल संतोष महाडिक २०१५ मध्ये काश्मीरमधल्या कुपवाड्यात पडले, आणि दोन वर्षांनी त्या चेन्नईहून प्रशिक्षण घेऊन लेफ्टनंट झाल्या. त्यांना सलामच. पण त्यांचं नाव घेऊन तुझ्या वहिनीला कुणी मोजू नये. वहिनीला शिवणकाम करायचं असेल, डीएड करायचं असेल, किंवा सहा महिने नुसतं भिंतीकडे बघत बसायचं असेल.

माझ्या मामीचं सांगते. मामा एकाहत्तरच्या लढाईत गेले, तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. शाळेतल्या झेंडावंदनाला तिची खुर्ची पहिल्या रांगेत असायची. आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती स्वयंपाकघरात. शंभर बायकांचा तिळगूळ तिनेच वळलेला, हात पाकाने पोळलेले, पण बाहेरच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. मी लहान होते, तिच्या मांडीवर बसून कढईतलं खरवडून खायचे. मला वाटायचं, मामीला गर्दी आवडत नाही.

शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवा प्रथा बंद केल्या. बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र काढायचं नाही. राज्य सरकारनेही मग बाकीच्या गावांना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. तुझ्या गावात झालाय का असा ठराव? मंडळाच्या पोरांना विचार. पुतळ्याला वर्गणी काढणाऱ्यांना एक ठराव जड जाऊ नये. फक्त त्याला वहिनीचं नाव चिकटवू नका, नाहीतर त्यासाठीही तिला स्टेजवर ओढतील.

स्मृतिदिनाआधी संक्रांत आहे. या वर्षी हळदीकुंकू तुझ्या माहेरी ठेव, आणि आईला सांग, पहिलं वाण वहिनीच्या ओटीत घाल. आई पटकन हो म्हणणार नाही. दुसऱ्या शनिवारी पुन्हा विचार. वहिनी नको म्हणाली तर तेही ऐक, पण विचारायचं राहू देऊ नकोस.

ट्रंक तशीच राहू दे. तिच्यावर पांढऱ्या रंगात दादाचा नंबर आणि नाव लिहिलेलं असेल, तेवढं वाचून तरी तू थांबलीस का कधी? वहिनी उघडेल तेव्हा कदाचित तुला हाक मारेल. तोवर एका शनिवारी कुणाच्याही मधे बसू नकोस. त्या ट्रंकेशेजारी बस, आणि एसटी चुकली तर चुकू दे.

– तुझी ताई