नाताळलाच चर्चला येणाऱ्यांचा राग येतो, काय करू?

"वर्षभर तोंड दाखवत नाहीत आणि नाताळच्या रात्री पहिल्या बाकावर येऊन बसतात. त्यांच्याशी गोड बोलणं मला जमत नाही. माझंच काही चुकतंय का?"

म्हापशात माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या एका ताईंचा हा प्रश्न. डिसेंबर जवळ आला की वेगवेगळ्या शब्दांत तो माझ्यासमोर येतो, म्हणून त्यांच्या परवानगीने, ओळखीचे तपशील बदलून लिहिते आहे.

ताई मूळच्या वसईच्या, लग्न होऊन गोव्यातल्या बार्देश तालुक्यात आल्या. गावच्या चर्चमध्ये स्वागताचं काम त्यांच्याकडे. आदल्या नाताळला एक ओळखीचे गृहस्थ दारात दिसले आणि ताई बोलून गेल्या, "काय हो, आज वाट चुकलात?" ते हसले, पण आत गेले नाहीत. बायको-मुलं आत बसली, ते मात्र बाहेर पोर्चमध्ये उभे राहिले आणि मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपायच्या आधीच निघून गेले. मागाहून कळलं, ते बोटीवर नोकरीला आहेत, वर्षातले बरेच महिने समुद्रावर असतात. ते वाक्य ताईंना सलत होतं, आणि चीडही जात नव्हती. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, हे मी त्यांना आधी सांगितलं.

क्षमेबद्दल मी काही बोलले नाही. तो उपदेश त्यांनी प्रवचनात पुष्कळ ऐकला असणार. मी विचारलं, तुमचा डिसेंबर कसा जातो? मग सगळं बाहेर आलं. २४ नोव्हेंबरपासून जुने गोव्याच्या नोव्हेना (नऊ दिवसांच्या प्रार्थना), ३ डिसेंबरचं सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त म्हणजे सण, आगमनकाळाचे, म्हणजे नाताळच्या तयारीच्या काळाचे, चार रविवार, कॉयरची म्हणजे गायकवृंदाची तालीम, येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा उभारणं, घरी नेवऱ्या आणि दोदोल हा नाताळचा फराळ. एवढं करून त्या रात्री चर्चमध्ये पोचावं, तर दर रविवारी येणाऱ्या म्हाताऱ्या बायका उभ्या आणि बाकांवर रुमाल पसरून जागा अडवलेल्या.

हा राग मला रास्त वाटतो. पण त्यातला निम्मा राग खुर्च्यांचा आहे, माणसांचा नाही. खुर्च्यांवर उपाय करता येतो. वयस्कर लोकांसाठी पुढचे बाक राखून ठेवायचे, बाहेर मांडव घालून खुर्च्या मांडायच्या, आणि हे काम ताईंनी दुसऱ्या कुणाकडे सोपवायचं. थकलेल्या माणसाला दारात उभं करून हसायला सांगणं हा त्याच्यावरच अन्याय आहे.

उरलेला राग मात्र माणसांवरचा. गोव्यात कितीतरी घरं हॉटेलच्या आणि बोटीवरच्या पगारावर चालतात. हॉटेलात रविवार म्हणजे कामाचा दिवस, आणि डिसेंबर तर पर्यटकांचाच. त्यामुळे रविवारी न दिसणाऱ्या प्रत्येकाची श्रद्धा आटली, असं धरून चालता येत नाही. ज्यांची खरंच आटली आहे, तेही उगाच येत नाहीत. कुणाचा संसार मोडलेला असतो, कुणाच्या घरी आई गेल्यानंतरचा पहिला नाताळ असतो. अशा माणसाला चर्चची पायरी चढतानाच धाकधूक असते की कुणी काही विचारेल.

सगळ्यात जास्त भीती असते ती कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकर घ्यायला पुढे जायच्या, वेळी. सगळा बाक उठतो आणि एकटं माणूस बसून राहतं. गंभीर पापाची जाणीव असेल तर आधी पापनिवेदन, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली, करावं लागतं. नवरा किंवा बायको कॅथलिक नसेल तर ती व्यक्ती कम्युनियन घेत नाही. म्हणजे बसून राहणारा माणूस अनेकदा नियमच पाळत असतो. मागून बघणाऱ्यांच्या नजरा मात्र त्याला गुन्हेगार करतात. माझ्याकडे आलेल्या काहींनी सांगितलंय की या दहा मिनिटांसाठी ते चर्चलाच जात नाहीत. शेजारच्याने पाय बाजूला घेऊन वाट द्यावी, विचारू काही नये. एवढंसं वागणंही फार मोठं असतं.

मग मी ताईंना विचारलं, "तुम्ही इथे पहिल्यांदा मिस्सेला आलात तेव्हा काय झालं होतं?" त्यांना हसू आलं आणि डोळेही भरले. मराठी मिस्सेची सवय, इथे सगळं कोकणी, आणि गायनांचं पुस्तक रोमी (रोमन) लिपीत. कुठलं पान चाललंय तेच कळेना. शेजारच्या एका आजींनी न बोलता आपलं पुस्तक त्यांच्यापुढे सरकवलं आणि चालू ओळीवर बोट ठेवलं. तुम्ही कोण, कुठल्या, हे त्यांनी पुढच्या आठवड्यात विचारलं.

आम्ही दारातली वाक्यं बोलून पाहिली. "किती दिवसांनी!" हे प्रेमाने म्हटलं तरी ऐकणाऱ्याला हजेरी घेतल्यासारखं वाटतं. "या, आत जागा आहे," "मुलांना गोठा दाखवलात का?", "हॅपी नाताळ!" इतकं पुरतं. धर्मशिक्षणाच्या वर्गाला मुलं का येत नाहीत, वर्गणी राहिली आहे, हे विषय त्या रात्री काढायचे नाहीत. आणि शेवटी कुणी आपणहून थांबलं, तर रविवारच्या मिस्सेची वेळ सांगायची.

यंदा ताई फक्त दारात उभ्या राहिल्या. खुर्च्या तरुण मुलांनी सांभाळल्या. ते बोटीवरचे गृहस्थ आले नाहीत, त्यांची बोट अजून बाहेर आहे. त्यांची बायको आली, तेव्हा ताईंनी मागच्या वर्षीच्या बोलण्याबद्दल तिची माफी मागितली आणि नवऱ्यालाही सांगायला सांगितलं. रुमाल पसरणाऱ्यांचा राग अजून येतो, असं त्या म्हणतात. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, पुन्हा गर्दी होईल, म्हणून बाक राखण्याचं त्यांनी फादरांकडून आताच ठरवून घेतलं आहे.