या वेळी बाहेर थांबू नकोस

तासगाव तालुक्यातून एका पहिलटकरणीचं पत्र आलंय. बाळंतपणाला माहेरी आलेली. बाळाला दीड महिन्याच्या लसी दिल्या तेव्हा सुई बघवेना म्हणून ती उपकेंद्राच्या बाहेर जाऊन उभी राहिली, बाळ आजीच्या मांडीवर होतं. ती लिहिते, "ते रडणं अजून कानात आहे. मी आई म्हणून कमी पडले का? पुढच्या आठवड्यात परत जायचंय. आई म्हणते, एक डोस नाही घेतला तर काय बिघडतं."

अगं, कमी कशी पडशील? ओली बाळंतीण तू, तुझा जीव कालवला. बाळ त्यासाठी तुझ्यावर रुसलेलं नाही. पण या वेळी आत जा, कारण त्या खोलीत त्याला तुझाच उपयोग सगळ्यात जास्त आहे.

आधी एक दिलासा. दीड महिन्याला तीन सुया होत्या. सरकारी वेळापत्रकात अडीच महिन्यांना पेंटाची, म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्र लसीची, एकच सुई असते, डाव्या मांडीत. पोलिओ आणि रोटाचे (जुलाबावरच्या लसीचे) थेंब तोंडानेच. (साडेतीन महिन्यांना मात्र पुन्हा तीन.)

थेंब पाजून झाले की नर्सताईंना सांग, "मी याला अंगावर घेते, मग सुई द्या." टेबलावर निजवू नकोस. पदराखाली घे, नीट ओढायला लागू दे, मांडी तेवढी मोकळी ठेव. सुई टोचताना आणि नंतरही पाजत राहा. माझ्या धाकट्याने सुई लागल्यावर क्षणभर श्वासच धरला, लालबुंद झाला आणि मग टाहो फोडला. पुन्हा अंगाला लावलं, आठ-दहा घोट गेले, तशी माझ्या ब्लाऊजला धरलेली त्याची मूठ हळूहळू सुटली. ते रडणं एवढंच होतं. तू बाहेर थांबलीस, म्हणून तुला फक्त टाहो ऐकू आला, सुटलेली मूठ दिसली नाही.

अर्धा तास तिथेच बसा. घरी मांडी चोळायची नाही, हळद-तेलाचा लेपही नको. सूज असेल तर गार पाण्याची ओली घडी ठेव. एक-दोन दिवस कणकण येते. पॅरासिटामॉल किती द्यायचं ते बाळाच्या वजनावर नर्सताईंकडून विचारून घे. थेंबांच्या आणि पातळ औषधाच्या बाटलीची ताकद वेगळी असते, म्हणून घरातली बाटली त्यांना दाखव. ताप दोन दिवसांपुढे गेला, बाळ तीन तास सलग रडत राहिलं, झटका आला किंवा मलूल पडलं, तर मात्र थेट दवाखाना.

आणि आईंना सांग, डोस चुकवायचा नाही. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांच्यासाठी पेंटाचे तिन्ही डोस लागतात, आणि डांग्या खोकला तान्ह्यांनाच सगळ्यात वाईट होतो. त्यांनाही नातवाचं रडणं सोसवत नाही, म्हणून त्या तसं बोलतात. त्यांना सोबत ने. तू पाजत असताना त्याचा पाय हलक्या हाताने त्यांनी धरायचा. निघताना कार्डावर पुढची तारीख लिहून घे.